कीटक-सर्वेक्षणासाठी आयनॅचरलिस्ट : विद्यार्थ्यांना कितपत उपयोगी?

विद्यार्थ्यांनी परिसरातील कीटकांच्या कष्टाने केलेल्या नोंदी बहुधा प्रकल्पवहीतच राहतात. त्या अभ्यासकांपर्यंत पोहोचवण्याची सोय आयनॅचरलिस्ट ही मोफत सेवा करते आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २००८ साली पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालते.

छायाचित्र, तारीख आणि ठिकाण दिले की नोंद पूर्ण होते. मग जगभरातील जाणकार ओळख सुचवतात आणि दोन-तृतीयांशांहून अधिक मते एकाच प्रजातीवर जुळली की नोंदीला ‘संशोधन-दर्जा’ मिळू शकतो. नोंद इतरांना वापरू देणारा खुला परवाना ठेवलेला असेल, तर अशी नोंद जीबीआयएफ या जैवविविधतेच्या जागतिक माहितीसंचात जाते, म्हणजे एखाद्या विद्यार्थिनीने टिपलेला चतुर संग्रहालयांतील नमुन्यांच्या नोंदींशेजारी जाऊन बसतो.

छायाचित्र चढवताच ॲप स्वतःही नाव सुचवते. शिक्षकांनी सर्वाधिक सावध राहायला हवे ते येथेच, कारण सुचवलेले पहिले नाव निमूटपणे स्वीकारले की निरीक्षण तिथेच थांबते. मधमाशीसारखी दिसणारी फुलमाशी समोर आली, तर पंखांची जोडी एक आहे की दोन, स्पृशा (डोक्यावरील मिशा) आखूड आहेत की लांब, हे विद्यार्थ्याने आधी स्वतः पाहावे आणि मगच सूचना उघडावी. फुलपाखरे आणि चतुर अनेकदा छायाचित्रावरून ओळखता येतात. मात्र बारीक माश्या, भुंगेरे आणि पतंग यांच्या कित्येक प्रजातींसाठी सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना तपासावी लागते. अशा वेळी कुळापर्यंतच थांबलेली नोंद मला चुकीच्या प्रजातीनामापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

सर्वेक्षणाचे साधन म्हणून या सेवेची खरी मर्यादा आणखी वेगळी आहे. काय दिसले हे ती सांगते. किती वेळ शोधले, किती अंतर चालले आणि काय दिसले नाही, हे ती आपणहून नोंदवून घेत नाही. रंगीत, मोठे आणि दिवसा उडणारे कीटक सहज टिपले जातात, पालापाचोळ्यातले मागे पडतात. म्हणून दोन ठिकाणांची किंवा दोन ऋतूंची तुलना करायची असल्यास ठरावीक मार्ग, ठरावीक वेळ, हवामान आणि मोजलेली संख्या यांचा तक्ता वेगळा ठेवणे अनिवार्य आहे. तो नसेल तर जमलेल्या यादीवरून ‘कीटक कमी झाले’ असा निष्कर्ष काढता येणार नाही.

तेरा वर्षांखालील मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय खाते उघडता येत नाही. त्यांच्यासाठी खात्याविना चालणारे ‘सीक’ हे याच संस्थेचे ॲप योग्य आहे. घराच्या अंगणातील नोंदी करताना मोठ्या विद्यार्थ्यांनीही ठिकाण ‘अस्पष्ट’ ठेवण्याचा पर्याय निवडावा.