खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा : पुण्यातील एक रुग्णालय आणि एक नर्सिंग ब्युरो

माझ्या ७८ वर्षांच्या आईचे खुब्याचे हाड न्हाणीघरात पाय घसरून मोडले आणि पुण्यातील एका खासगी रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. एक रात्र अतिदक्षता विभागात, नऊ दिवस वॉर्डात आणि त्यापुढे घरी, नर्सिंग ब्युरोच्या मदतीने, असा तिचा प्रवास झाला. मी स्वतः सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे; त्यामुळे इमारत, जेवण आणि बिल यांविषयी न लिहिता शुश्रूषेविषयीच लिहिते.

अतिदक्षता विभागाबद्दल तक्रारीला जागा नाही. खरी कसोटी वॉर्डात, शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री लागली. अडीचच्या सुमारास आई रात्रपाळीच्या सिस्टरला म्हणाली, "शालू, दार लाव गं, मांजर येईल." शालू म्हणजे माझी मावशी. आई झोपेत बोलत असावी असे मला वाटले आणि तसे मी म्हणालेही. त्या तरुण सिस्टरने मात्र दिवा लावला, "आजी, आपण आता कुठे आहोत?" असे विचारले, आणि उत्तर चुकल्यावर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत आईच्या छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजली. श्वास मिनिटाला २६ होते. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९४ टक्के दिसत होता, नाडी ८८ होती, रक्तदाब ठीक होता. म्हणजे नुसत्या मॉनिटरकडे पाहणाऱ्याला काही बिघडले आहे असे वाटले नसते.

रुग्णाची प्रकृती बिघडू लागल्याचे वेळीच ओळखण्यासाठी त्या वॉर्डात ब्रिटनमध्ये २०१७ साली सुधारलेली 'न्यूज २' ही गुणपद्धती वापरतात. तिच्यात २५ किंवा अधिक श्वासांना ३ गुण, नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला ३ आणि ९४ टक्के ऑक्सिजनला १, अशी बेरीज ७ होते, आणि ७ म्हणजे तातडीने डॉक्टर बोलावण्याची पातळी. सिस्टरने ड्यूटी डॉक्टरांना फोन केला तेव्हा "पेशंट जरा अस्वस्थ आहे" असे मोघम सांगितले नाही. कोणता रुग्ण, कोणती शस्त्रक्रिया, काय बदलले आणि तुम्ही आत्ता येऊन पाहावे असे मला वाटते, हे तिने चार वाक्यांत सांगितले. डॉक्टर दहा मिनिटांत आले. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात संसर्ग दिसला आणि पहाटेपूर्वी औषध सुरू झाले. गुणांचा तक्ता भिंतीवर टांगलेला होताच, पण म्हातारपणातली बडबड म्हणून सोडून न देता श्वास मोजण्याचा निर्णय तिचा होता, आणि माझी आई आज बोलते-चालते आहे त्यात त्या एका मिनिटाचा मोठा वाटा आहे.

याच वॉर्डात संध्याकाळी ड्यूटी बदलताना मात्र ढिलाई दिसली. दर दोन तासांनी कूस बदलण्याची नोंद दुपारी नेमाने होत असे, पण सात ते दहाच्या दरम्यान ती दोनदा राहून गेली. पाचव्या दिवशी माकडहाडावर लाली दिसली. बोटाने दाबून सोडल्यावर ती जागा पांढरी पडेना, म्हणजे दाबव्रणाची पहिली पायरी. इन्चार्ज सिस्टरना दाखवताच त्यांनी कारणे न देता हवेची गादी मागवली आणि त्या दिवसापासून हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णाची माहिती सोपवणे, खाटेशेजारी, पाठ पाहून घेऊ लागल्या. चूक ऐकून घेण्याची ही पद्धत मला मोलाची वाटते.

नर्सिंग ब्युरोबाबत मात्र मी शिफारस करू शकत नाही. त्यांनी 'प्रशिक्षित नर्स' म्हणून पाठवलेल्या मुलीचे शिक्षण काही महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे होते. मुलगी कष्टाळू होती, अंग पुसताना तिचा हात मायेचा होता. पण तिला इन्सुलिन द्यायला सांगणे हा ब्युरोचा अपराध होता. आईचे जुने इन्सुलिन मिलिलिटरला ४० युनिटचे, त्यामुळे घरात त्याच मापाच्या, लाल टोपीच्या सिरिंज होत्या. रुग्णालयाने घरी सोडताना १०० युनिटचे नवे इन्सुलिन लिहून दिले, मात्र सिरिंज बदलावी लागेल हे डिस्चार्ज कार्डावर कोठेही नव्हते. पहिल्याच रात्री त्या मुलीने लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १२ च्या खुणेपर्यंत औषध भरले. नवे औषध अडीचपट तीव्र असल्याने प्रत्यक्षात ते १२ नव्हे, ३० युनिट होते, आणि आईने जेमतेम अर्धी वाटी मऊ भात खाल्ला होता. मी शेजारी उभी होते म्हणून सुई टोचण्याआधी हात धरता आला. ज्या घरी कोणी जाणकार नसेल तिथे पहाटे साखर किती खाली गेली असती, याचा विचार मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही.

ब्युरोच्या चालकांना विचारल्यावर "पेपरवर लिहिले नव्हते" एवढेच उत्तर मिळाले. ब्युरोकडून माणूस घेताना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आधी मागावा, आणि तो नसेल तर इंजेक्शनचे काम त्या व्यक्तीला मुळीच सांगू नये. मी लाल टोपीच्या सगळ्या सिरिंज घरातून काढल्या, १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीच्या नारिंगी टोपीच्या आणल्या आणि दुसऱ्या दिवसापासून जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) हा परिचारिकेचा अभ्यासक्रम झालेली सिस्टर लावली. तिने आल्याआल्या पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि पहिल्यांदा इन्सुलिनच्या बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचला.