रोटरी कटर, मॅट आणि पाव इंची प्रेसर फूट : एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

सॅम्प्लर क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडी, तिचा प्रत्येक ब्लॉक, म्हणजे चौकोन, वेगळ्या नमुन्याचा. माझे ठरलेत ४८, सहा इंची. निम्म्याहून थोडे जास्त शिवून झालेत. कटर (कापड कापायचं धारदार चाक), कापताना खाली ठेवायची मॅट, लांब रुलर आणि प्रेसर फूट (मशीनचा कापड दाबून धरणारा पाय) हा सगळा सरंजाम त्यासाठीच घेतला. पैसे वसूल झाले ते त्यातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूत, प्रेसर फूटमध्ये.

पॅचवर्कमध्ये शिवणीला माया ठेवायची पाव इंच, म्हणजे दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). शिवण अर्धा सूत जरी आत गेली, तरी दोन्ही तुकड्यांतून तेवढं कमी होतं. एका शिवणीमागे पुरतं एक सूत जातं. नाइन पॅचला, म्हणजे तीन-तीन घरांच्या ब्लॉकला, आडव्या दोन शिवणी, म्हणून सहाचा ब्लॉक पावणेसहा होतो. सहा-सहा घरांचा ब्लॉक असेल तर पाच सूत गेलेच. मग असे दोन ब्लॉक शेजारी जुळणार कुठून? ब्लॉकांमधल्या पट्ट्या थोडंफार सांभाळून घेतात, पण एवढं नाही.

या फूटच्या उजव्या बाजूला एक उभी पट्टी असते, कापडाची कड तिच्या आधाराने चालवायची. मी टेकवत नाही, केसभर सोडते, कारण शिवण उलटवून इस्त्री केली की घडीत दोनेक धागे जातातच. तपासायला सोपं आहे. दीड इंची तीन पट्ट्या जोडा. मधली बरोबर एक इंच आणि एकूण रुंदी साडेतीन भरली पाहिजे. नाही भरली तर पुढे जाऊच नका.

आमची मशीन जुनी, काळी, पायाची. तिच्यात झिगझॅग नाही, त्यामुळे प्लेटला सुईपुरतंच गोल भोक आहे आणि त्रिकोणाची टोकं खाली ओढली जात नाहीत. लांबट भोकाच्या झिगझॅग मशीनवर तीच टोकं दात्यांत गोळा होतात. जुनी मशीन भंगारात काढायला निघाला असाल तर थांबा. फूट मागवताना तेवढं लो शँक, म्हणजे आखूड दांडीच्या मशीनचं, आहे ना, ते बघून घ्या.

कटरचं कौतुक सगळेच करतात. ४५ मिमीचं चाक चार थर एका दमात कापतं, सरळ पट्ट्यांना तोड नाही. पण अमेरिकेत व्हरमाँटमध्ये जेन स्टिकल नावाच्या बाईंनी १८६३ साली १६९ छोट्या ब्लॉकांची क्विल्ट केली आणि तिच्यावर तुकड्यांचा आकडासुद्धा शिवून ठेवला, ५,६०२. रोटरी कटर बाजारात आलं १९७९ला. कटरशिवाय अडतं असं म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा! ब्लेड हा खरा खर्च. ऑनलाइन स्वस्तातलं पाकीट आलं, त्यातल्या एकाला बारीक खाच होती. चाक जितक्यांदा फिरेल तितक्यांदा त्याच जागी धागा न कापता सुटायचा. पावसाळ्यात ब्लेडला गंज धरतो. मशीनच्या तेलाचा एक थेंब पुसून ठेवते.

मॅट चांगली आहे, पण नागपूरच्या मे महिन्यासाठी बनवलेली नाही. पश्चिमेच्या भिंतीला उभी ठेवलीत तर वाकलीच समजा. आमची दिवाणावर गादीखाली झोपलेली असते. तिच्यावर इस्त्री चुकूनही नको.

कापड गांधीबागेच्या बाजारातून घेते, कॅम्ब्रिक, म्हणजे बारीक विणीचं सुती. "अर्ध्या मीटरात काय शिवता बाप्पा?" हे तिथे ऐकावंच लागतं. आणल्याबरोबर धुवायचं, लाल आणि मरून तर वेगळं, दोनदा. मग साबुदाण्याची खळ देऊन कडक इस्त्री. खळीमुळे तिरकस कापलेली कड ताणली जात नाही. कूलर जोरात असला की खळ नरम पडते आणि तुकडे उडतात ते वेगळंच, म्हणून उन्हाळ्यात कापायचं काम सकाळी सातच्या आत. इस्त्री दाबून उचलायची, घासायची नाही. घासलं की फ्लाइंग गीसचं (मोठ्या त्रिकोणाला दोन बाजूंनी लहान त्रिकोण जोडलेला नमुना) टोक एका बाजूला कलतं, आणि ते मग सरळ होत नाही.

वेग आला तो मात्र छाटणीमुळे. दोन त्रिकोणांच्या चौकोनासाठी पुस्तकी माप म्हणजे तयार मापाहून सात सूत जास्त. मी पूर्ण इंच जास्त घेते, शिवते आणि चौकोनी रुलर ठेवून मापात छाटते. कापड थोडं वाया जातं, पण उसवणं जवळजवळ बंद झालं. सारखे तुकडे एकामागून एक, दोरा न तोडता साखळीने शिवते, आणि शेवटी प्रत्येक ब्लॉक माया धरून साडेसहावर तपासूनच डब्यात टाकते.

आता राहिलेत बरेचसे वळणांचे, ड्रंकार्ड्स पाथसारखे. तिथे ४५चं चाक वळत नाही. २८ मिमीचं लहान कटर मिळतं, पण मी पुठ्ठ्याचा साचा आणि कात्रीवर भागवणार आहे. तेवढ्या पैशांत मागच्या बाजूचं कापड घेईन.