पुण्यातल्या जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून स्थान मोजणाऱ्या) केंद्रासाठी हवेचा दाब कुठून घ्यावा?

समुद्राला भरती आणतो मुख्यतः चंद्र, हवेला सूर्य. ओझोन आणि बाष्प उन्हाने तापतात, त्यातून २४ व १२ तासांच्या दाबलहरी उठतात, आणि पुण्यात कोरड्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास चढलेला दाब दुपारी चारपर्यंत ३-४ हेक्टोपास्कल उतरतो. दर हेक्टोपास्कलमागे, थेट माथ्यावरून येणाऱ्या उपग्रह-संदेशाचा विलंब सुमारे २.३ मिलिमीटरने बदलतो. आरटीकेने (जवळच्या स्थिर यंत्राच्या आधारे जागेवरच अचूक स्थान काढण्याच्या पद्धतीने) प्लॉट मोजणाऱ्याने या भानगडीत पडूच नये. बेस (स्थिर यंत्र) आणि रोव्हर (फिरते यंत्र) एकाच हवेखाली असतात. प्रश्न आहे तो कायमस्वरूपी केंद्र चालवणाऱ्याचा.

जीपीटी३ हे हवेच्या सरासरी स्थितीचे प्रारूप (त्याच नावाचे एआय नव्हे) फुकट, सोपे आणि इंटरनेटशिवाय चालणारे आहे. मात्र त्यातला दाब वार्षिक व सहामाही चक्रापुरताच बदलतो, त्यामुळे दिवसाची भरती-ओहोटी त्याला दिसतच नाही. उंची काढताना याचा फारसा त्रास होत नाही, पण हवेतले बाष्प मोजायचे असेल तर हीच चूक ओल्या विलंबाच्या (बाष्पामुळे होणाऱ्या विलंबाच्या) खात्यात जमा होते आणि दिवसाकाठी एक-सव्वा मिलिमीटर पाण्याची खोटी चढउतार दाखवते.

व्हीएमएफ३ हे हवामान-प्रारूपावरून काढलेले विलंबाचे कोष्टक दर सहा तासांनी नवी मूल्ये देते. १२ तासांच्या लाटेसाठी हे अंतर अगदी काठावरचे आहे, आणि ती कितपत पकडली जाईल हे रेखांशावर ठरते. पुण्यात नोंदींच्या वेळा स्थानिक सौर वेळेनुसार साधारण पाच आणि अकराच्या, म्हणजे चढ-उताराच्या टोकांपासून तासाभराच्या अंतरावर पडतात. मधल्या वेळी विलंबात सुमारे एक मिलिमीटर चूक राहते. सिंगापूरमध्ये मात्र त्या लाटेच्या शून्यावर पडतात आणि लाट जवळपास नाहीशीच होते. ईआरए५ हा युरोपीय हवामान केंद्राचा पुनर्विश्लेषित विदासंच तासागणिक असल्याने ही अडचण टळते, पण त्यासाठी सुमारे पाच दिवस थांबावे लागते.

स्वतःचा बॅरोमीटर सर्वांत खरा, फक्त तो नीट बसवलेला हवा. यंत्र तळमजल्यावरच्या खोलीत आणि अँटेना चौथ्या मजल्याच्या गच्चीवर, अशी मांडणी मी पाहिली आहे: तेरा-चौदा मीटरचा फरक म्हणजे दीड हेक्टोपास्कल, म्हणजे पुण्यातल्या १२ तासांच्या लाटेच्या आयामापेक्षाही जास्त. उंचीची ही दुरुस्ती आणि नियमित कॅलिब्रेशन जमणार असेल तर बॅरोमीटरच घ्यावा. जमणार नसेल तर ईआरए५, आणि निकाल त्याच दिवशी हवा असेल तर पुण्यापुरते व्हीएमएफ३ चालेल.