घडीचा डॉग पूल: बाल्कनीत १२० सेंमीचा ठेवा, पण अर्धाच भरा

ऑनलाइन मिळणाऱ्या घडीच्या पीव्हीसी डॉग पूलची, म्हणजे कुत्र्याला डुंबायच्या टबांची, नावं कितीही वेगळी असोत, बांधणी जवळपास एकच असते. खाली जाड पीव्हीसीचा तळ, भिंतीच्या दुपदरी कापडात सरकवलेल्या कडक पट्ट्या आणि बाजूला खाली पाणी सोडायचं बूच. हवा भरायची नसल्यामुळे उघडला की पूल तयार. मुलांचा फुगवायचा टब लॅब्रॅडॉरच्या नखांपुढे फार काळ तग धरत नाही, म्हणून तो या तुलनेत घेतलेलाच नाही.

मापं (व्यास × उंची) साधारण तीन मिळतात: ८० × २०, १२० × ३० आणि १६० × ३० सेंमी. पग, शिह त्झू किंवा पिल्लू असेल तर ८० पुरे, आणि तो बाथरूममध्येही मावतो. मोठा कुत्रा त्यात उभा राहतो खरा, पण वळता येत नाही म्हणून दोन मिनिटांत बाहेर पडतो. लॅब, गोल्डन किंवा मध्यम बांध्याच्या इंडीला (देशी कुत्र्याला) १२० लागतोच. १६० तळमजल्याच्या अंगणासाठी ठीक. फ्लॅटमध्ये आणू नये. त्याचं कारण वजन.

१२० सेंमीच्या पूलमध्ये १५ सेंमी पाणी म्हणजे सुमारे १७० लिटर, काठोकाठ भरला तर ३४० लिटर. तेवढेच किलो. निवासी बाल्कनीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ ३०० किलो भार धरलेला आहे. ३० सेंमी पाणी एकट्यानेच ती मर्यादा गाठतं, कुत्रा आणि त्याला धरणारा माणूस वेगळाच. १५ सेंमीला निम्मा भार पडतो. हा हिशेब धडधाकट बांधकामाचा. ठाण्याच्या नौपाड्यातल्या किंवा नवी मुंबईच्या वाशीतल्या जुन्या इमारतीत गॅलरीच्या खालून प्लास्टर सुटलेलं असेल, सळ्या दिसत असतील, तर तिथे पूल मांडूच नये. विक्रेत्यांच्या पानांवर याबद्दल सहसा अवाक्षर नसतं. काठोकाठ भरलेल्या पूलचे फोटो मात्र झकास असतात.

कुत्र्याच्या दृष्टीनेही अर्धा पूलच योग्य. उभ्या कुत्र्याच्या पुढच्या पायाच्या कोपराखाली पाणी राहिलं पाहिजे. बसला की पोट आणि मांड्या भिजतात, तेवढं पुरतं. आपल्याकडे मुंबई-ठाण्यात उन्हापेक्षा दमट हवा जास्त नडते. कुत्रा धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याचं बाष्पीभवन करून अंग थंड ठेवतो. हवेतच ओल असली की ते नीट होत नाही. म्हणून भिजवल्यावर वारा हवा: पंखा खोलीच्या आत, पाण्यापासून लांब, झोत बाल्कनीकडे. पग, फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हे दुप्पट लागू. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक झाल्या, चाल लडखडली, तर तो उष्माघात समजावा. नळाच्या पाण्याने अंग भिजवत, वारा घालत थेट पशुवैद्याकडे न्यावं.

मांडणी अशी करा. फरशी झाडून घ्या. तळाला भोक पडतं ते बरेचदा नखाने नाही, खालच्या खड्याने. खाली जुनी रबरी चटई अंथरा. बूच घट्ट बसवून आधी दोन इंच पाणी घाला, पाच मिनिटांनी खालची चटई चाचपून बघा. पाणी सकाळीच भरा, दुपारी गच्चीवरच्या टाकीतून गरम पाणी येतं. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा काढून ठेवा. ओल्या पट्ट्याखाली कातडी चिघळते. कुत्र्याला उचलून आत टाकू नका, दोन इंच पाण्यात खाऊ टाका, तो आपणहून उतरेल. मग पाणी वाढवा. पोटभर जेवणानंतर तासभर खेळ नको. आणि तो पाण्यात असेपर्यंत कुणीतरी जवळ हवंच, पाणी वीतभर असलं तरी.

सोबत विकली जाणारी, नळाला जोडायची कारंजाची चटई घेऊ नका. वरच्या मजल्यांवर टाकी आणि नळ यांत उंचीचा फरक थोडा, त्यामुळे दाब कमी. कारंजं वीतभरही उडत नाही. खालच्या मजल्यावर उडालंच, तर काही कुत्रे धार चावत सुटतात आणि भसाभस पाणी गिळतात. रक्तातलं सोडियम उतरून उलट्या, फुगलेलं पोट, झोकांड्या, झटके येऊ शकतात. पाइपच्या धारेचंही तेच. असा कुत्रा असेल तर दर दहा मिनिटांनी बाहेर काढा.

खेळ संपल्यावरचं काम कंटाळवाणं आहे, आणि बहुतेक पूल खराब होतात ते तिथेच. बूच एकदम उघडू नका. बाल्कनीतल्या निचऱ्याची जाळी एवढं पाणी एका दमात ओढत नाही, खालच्या घरातून तक्रार येते. थोडं थोडं सोडा किंवा बादलीने काढून फरशी पुसायला, झाडांना वापरा. शहरी पाणीपुरवठ्याचं माणशी रोज १३५ लिटरचं प्रमाण पाहता हे पाणी गटारात सोडणं पटत नाही. पूलमध्ये फिनाईल नको. साबणाने घासून धुवा, सावलीत वाळवा. उन्हात राहिला तर पीव्हीसी कडक होऊन घडीवर चिरतं, ओला गुंडाळला तर बुरशी धरते. पाणी साठवून ठेवणं तर नाहीच: डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात.

कुत्र्याचे कान कापसाने टिपा, आत काडी घालू नका. कॉकर, लॅब यांच्या लोंबत्या कानांत ओल राहिली की वास आणि खाज सुरू. हस्कीसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याला मुळापर्यंत वाळवा. मानेवर गोचीड-पिसवांचं औषध टाकलं असेल तर साधारण दोन दिवस आधी-नंतर पाणी नको. नेमका अवधी पाकिटावर बघा.

भोक पडलं तर सोबत आलेलं ठिगळ आतून लावा: जागा कोरडी, थोडी खरवडलेली, आणि वर २४ तास वजन. भिंतीला भोक पडलं तर मात्र पट्टीत पाणी मुरून ती फुगते, मग दुरुस्ती फारशी टिकत नाही.

ऑनलाइन भाव साधारण दीड ते अडीच हजारांत फिरतो. जास्त पैसे द्यायचेच असतील तर छापील चित्रांसाठी देऊ नका. खरबरीत, न घसरणारा तळ आणि आटे असलेलं बूच यांसाठी द्या. नुसतं दाबून बसवायचं बूच कुत्र्याच्या दाताला फार लवकर सापडतं.