तालिएसिनसाठी जायचं तर कुठे? तळ्याकाठी की टेकडीवर?

वेल्समध्ये तालिएसिन या सहाव्या शतकातल्या कवीच्या नावाने दोन जागा दाखवतात. उत्तरेला ट्रेव्ह्रिऊच्या वर गेरिओनिद तळ्याकाठी त्याचं स्मारक आहे, आणि अ‍ॅबरिस्टविथच्या उत्तरेला टेकडीवर त्याची म्हणवली जाणारी कबर, बेद तालिएसिन. एकाच दिवसात दोन्ही केली तर धावपळच होईल.

'खरी जागा कोणती' यावर निवड करू नका. ज्या उरिएन राजाची स्तुतिगीतं त्याने रचली, त्याचं रेगेड राज्य आजच्या वेल्सच्या बाहेर, उत्तरेकडे होतं. कबरही कांस्ययुगातली, म्हणजे कवीच्या कितीतरी आधीची.

देखणेपणात तळं पुढे आहे. गर्द झाडी, डोंगर आणि उत्तर टोकाच्या उंचवट्यावर ग्विदिरच्या जमीनदाराने १८५० साली उभारलेला दगडी खांब. १९७६ साली तो कोसळला, १९९४ मध्ये पुन्हा उभा राहिला. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की १८६३ पासून ग्विलिम काउलिड या वेल्श कवीने इथे उघड्यावर कविसंमेलनं भरवली. वेल्सच्या राष्ट्रीय साहित्य-संगीत संमेलनात वेल्शऐवजी इंग्रजी फार शिरली, हे त्याला सहन होत नव्हतं.

आणि नेमक्या याच जागी मला कविता वाचता आली नाही. तेव्हा या तळ्यात इंजिनाच्या होड्या चालत. सुट्टीचा दिवस होता. खांबाच्या पायथ्याशी बसून मी सोबतच्यांना उरिएनवरचं एक गीत वाचून दाखवायला घेतलं. दोन ओळी झाल्या की होडी वळून यायची, डोंगर तो आवाज परत फेकायचे आणि शेजारी बसलेल्यालाही शब्द कळेना. थांबायचं, पुन्हा सुरुवात करायची. शेवटी पुस्तक मिटलं. होडीवाल्यांचा काही दोष नाही, त्यांना परवानगी होती. पण कवीच्या स्मारकापाशी कविताच ऐकू येऊ नये, हे मला फार लागलं.

कबरीपाशी बघण्यासारखं तसं थोडंच आहे. दगडांचा ढिगारा, दगडी पेटी, एक मोठी सपाट शिळा. काहींचा विरसही होईल. वर जाणारा रस्ता अरुंद आणि चढाचा आहे. इथे रात्रभर झोपणारा उठतो तो कवी होऊन नाहीतर वेडा होऊन, असं म्हणतात. वारा होता, मेंढ्या ओरडत होत्या, तरी तेच गीत तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झालं, आणि दुसऱ्यांदाही. शिवाय त्याच्या कवितांचं चौदाव्या शतकातलं हस्तलिखित जवळच, अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेलं आहे.

सोबत लहान मुलं असतील किंवा पोहायचं असेल, तर तळंच बरं, शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी लवकर. फक्त कवीसाठी निघाला असाल, तर मी टेकडीच सुचवेन.