मोक्षकाष्ठावरील दहन : एका अनुभवाचे परीक्षण

गेल्या आषाढात माझ्या थोरल्या काकांचे विदर्भात निधन झाले आणि त्यांचे दहन लाकडाऐवजी शेतातील काडीकचऱ्यापासून बनवलेल्या कांड्यांवर करण्यात आले. नागपूरकडे या कांड्यांना मोक्षकाष्ठ म्हणतात. हा निर्णय आम्ही पर्यावरणाच्या कळवळ्याने घेतला, असे म्हटल्यास ते खरे ठरणार नाही. चार दिवस झड लागली होती, घाटावरचे लाकूड ओलेचिंब होते, आणि तेथील कामगाराने कांड्यांचा पर्याय सुचवल्यावर चुलतभावाने फारसा विचार न करता होकार दिला. तरीही त्या दोन दिवसांत जे पाहिले, ते इतर कुटुंबांना उपयोगी पडेल असे वाटल्याने हे परीक्षण लिहीत आहे.

या कांड्या म्हणजे सोयाबीनचे कुटार, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि लाकडाचा भुसा वाळवून, दळून यंत्रात प्रचंड दाबाखाली घडवलेले मनगटापेक्षा जाड दंडगोल होत. त्यांत डिंक किंवा सरस घालावा लागत नाही. दाबामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेने काडीतील लिग्निन, म्हणजे वनस्पतीला कडकपणा देणारे नैसर्गिक द्रव्य, मऊ पडते आणि तेच सर्व भुसा धरून ठेवते. कापूस निघाल्यावर गुलाबी बोंडअळीचे चक्र तुटावे म्हणून पऱ्हाट्या उपटून त्यांची विल्हेवाट लावावी, असे कृषी खाते दरवर्षी सांगते आणि बहुतेक शेतकरी त्या बांधावर पेटवून मोकळे होतात. जे नाहीतरी जळणारच होते ते येथे कामी येते. माझ्या दृष्टीने या पर्यायाची खरी बाजू हीच आहे. ‘एक झाड वाचले’ हा हिशेब त्यानंतरचा.

सरण रचताना मात्र अडचण दिसू लागली. लाकडाचे ओंडके एकमेकांत अडकतात, कांड्या गोल आणि आखूड असल्याने घरंगळतात. त्यामुळे त्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे असलेला, जमिनीपासून वर उचललेला ओटा लागतोच. खालून हवा खेळली नाही तर त्या नुसत्या धुमसत राहतात. आमच्या घाटावर असा एकच ओटा होता आणि तो रिकामा होईपर्यंत आम्हांला सुमारे दीड तास पावसात थांबावे लागले. दुसरी गोष्ट वजनाची. छातीवर जड ओंडके ठेवण्यामागे व्यवहार असतो, कारण ज्वाळा लागल्यावर देह आखडतो आणि वर उचलला जातो. सुट्या कांड्यांचा तेवढा भार पडत नाही. काकांचे वयोवृद्ध मेहुणे सकाळपासून म्हणत होते, “पोरांनो, आंब्याचं थोडं लाकूड तरी आणा.” आम्ही ते भावनेचे बोलणे समजून कानाआड केले. कामगाराने मात्र न सांगता कोठीतून आंब्याचे तीन वाळके ओंडके आणून वर ठेवले आणि मेहुण्यांकडे पाहून मान हलवली.

अग्नी दिल्यानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटे कठीण गेली. कांड्या लवकर पेट घेत नाहीत. गोवऱ्या, कापूर आणि राळ पुष्कळ खर्ची पडली. परंतु एकदा धग धरल्यावर त्यांचा जाळ एकसारखा राहिला, आणि ओल्या लाकडाचा डोळे चुरचुरवणारा धूर नव्हता. लाकडाचे दहन साधारण ३०० ते ४०० किलोंवर होते. आम्हांला २५० किलो कांड्या पुरल्या आणि साडेतीन तासांत सर्व आटोपले. किलोमागे दरात म्हणण्याजोगा फरक नव्हता. जी बचत झाली ती वजन कमी लागल्यामुळे.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. शेवटची चार पोती उघडली तेव्हा त्यांतील कांड्या पाणी पिऊन फुगल्या होत्या आणि हातात घेताच त्यांचा भुसा झाला. मोक्षकाष्ठाला पाण्याचे वावडे असते, हे ज्याला कळत नाही त्याने ते पावसाळ्यात विकू नये. चांगली कांडी हाताने मोडताना कट्कन आवाज होतो. पोते उघडून एवढे पाहून घ्यावे. दुःखात असलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणे विचित्र आहे, म्हणून हे काम जावयाकडे किंवा शेजाऱ्याकडे सोपवावे.

गॅसदाहिनी उपलब्ध असेल तर धुराच्या दृष्टीने ती सरस आहे, यात मला शंका नाही. विद्युतदाहिनीबाबत मी थोडा साशंक आहे, कारण आपल्याकडची बहुतांश वीज अजूनही कोळशावर तयार होते आणि धूर घाटावर दिसला नाही तरी कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांतून निघतोच. शिवाय दोन्ही दाहिन्या शहरांपुरत्या आहेत. जुन्या पद्धतींनाही कमी लेखू नये : कोल्हापूरला पंचगंगेच्या स्मशानभूमीसाठी लोक होळीत शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात, आणि लिंगायत समाजातील दफन तर पेटीवाचून, थेट मातीतच होते. ज्या तालुक्याच्या गावी दाहिनी नाही, पण भोवती कापूस आणि सोयाबीन पिकते, तेथे मात्र मी कांड्यांचीच शिफारस करीन. अट एवढीच की घाटावर कठड्याचा ओटा आणि कोरडी कोठी असावी.

अस्थी सावडताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. काडीकचऱ्यात राखेचे प्रमाण लाकडापेक्षा बरेच अधिक असते आणि त्यातील क्षारांमुळे काही राख वितळून तिचे खड्यांसारखे गोळे होतात. धाकटा चुलतभाऊ बराच वेळ एक गोळा अस्थी समजून दुधाने धूत होता. शेवटी कामगाराने स्वतःची चाळणी आणून दिली. ती घरूनच न्यावी, मोठ्या छिद्रांची, आणि सोबत दोन लिटर पाणी अधिक न्यावे.