हरत्या संघाचा जुलै : विकावे, राखावे की विकत घ्यावे

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो आणि जुलै संपता संपता त्यातील शंभराहून अधिक सामने होऊन गेलेले असतात. त्याच सुमारास खेळाडूंच्या अदलाबदलीची अखेरची मुदत, म्हणजे ट्रेड डेडलाइन, येते. अव्वल संघांना आणि तळाच्या संघांना त्या दिवशी फारसा प्रश्न पडत नाही. ज्याचे जय आणि पराजय जवळपास सारखे आहेत आणि जो प्लेऑफच्या शेवटच्या जागेपासून चार-सहा सामन्यांनी मागे आहे, त्या मधल्या संघाची मात्र 'धरले तर चावते, सोडले तर पळते' अशी अवस्था होते. आपला संघ अशा जागी अडकला असता त्याने काय करावे, याविषयी ज्या चाहत्याला स्वतःचे मत बनवायचे आहे, त्याच्यासाठी हा आढावा आहे.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकासाठी दोन-तीन नियम आधी सांगणे आवश्यक आहे. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की खेळाडू 'फ्री एजंट' होतो आणि हवा तो संघ निवडतो. त्यामुळे जुलैमध्ये कोणत्याही खेळाडूचे मोल ठरवताना त्याच्या खेळाइतकेच त्याच्या करारात किती काळ शिल्लक आहे हे पाहिले जाते. करार त्याच वर्षी संपणारा खेळाडू विकला, तर बदल्यात बहुधा मायनर लीगमधील (खालच्या स्तरावरील लीगमधील) तरुण खेळाडू, म्हणजे 'प्रॉस्पेक्ट', मिळतात. तो विकला नाही आणि हिवाळ्यात निघून गेला, तर ठरावीक अटी पाळल्यास ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, एक जादा निवड पदरात पडते. पण संघाने लक्झरी टॅक्सची (ठरावीक पगारखर्चापलीकडे भराव्या लागणाऱ्या कराची) मर्यादा ओलांडली असेल, तर ती निवड खूप खालच्या क्रमांकावर ढकलली जाते. शिवाय २०१९ पासून ही मुदत एकच आहे. त्याआधी ऑगस्टमध्येही वेव्हर्सच्या, म्हणजे इतर संघांना खेळाडू उचलण्याची संधी देणाऱ्या यादीच्या, मार्गाने अदलाबदल करता येत असे. आता तो दरवाजा बंद झाला आहे. दुसऱ्या बाजूने, २०२२ पासून दोन्ही लीगमधून (अमेरिकन आणि नॅशनल) प्रत्येकी सहा संघ प्लेऑफला जातात आणि त्यामुळे मधल्या संघाची आशा पूर्वीपेक्षा अधिक काळ जिवंत राहते. निर्णय उशिरा घ्यावासा वाटतो, पण घ्यावा लागतो एकाच दिवशी, अशी ही कोंडी आहे.

एकाच संघाचे चार जुलै

या तिन्ही वाटा एकाच संघाने थोड्या वर्षांत चालून पाहिल्या, म्हणून मला वॉशिंग्टन नॅशनल्सचे उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते.

२०१८ च्या जुलैअखेरीस नॅशनल्सचे जय आणि पराजय जवळजवळ बरोबरीत होते आणि ब्राइस हार्परचा करार त्या हंगामाअखेर संपणार होता. संघाने हार्परला राखायचे ठरवले. नेमक्या त्याच दिवशी, ३१ जुलैला, त्यांनी न्यूयॉर्क मेट्सचा २५-४ असा पराभव केला; मेट्सचे पिचर (चेंडू टाकणारे) इतके थकले होते की अखेरीस होझे रेयेस या इनफिल्डरच्या, म्हणजे क्षेत्ररक्षकाच्या, हाती चेंडू द्यावा लागला. मेट्सच्या इतिहासातील तो सर्वांत मोठा पराभव होता. असा निकाल पाहिल्यावर हार्परला न विकण्याचा निर्णय कोणालाही योग्य वाटला असता, आणि म्हणूनच हा दिवस लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण एका सामन्याच्या धावसंख्येवरून दोन महिन्यांचा अंदाज बांधता येत नाही. तीन आठवड्यांतच संघाने डॅनियल मर्फी आणि मॅट अॅडम्स यांना सोडले, हंगाम ८२-८० (८२ जय, ८० पराजय) वर संपवला आणि प्लेऑफ हुकले. हार्पर फिलाडेल्फियाला १३ वर्षे आणि ३३ कोटी डॉलर्सच्या करारावर गेला, आणि नॅशनल्सने लक्झरी टॅक्सची मर्यादा ओलांडलेली असल्यामुळे त्यांना मिळालेली निवड चौथ्या फेरीनंतरची होती. ज्या खेळाडूसाठी जुलैमध्ये चांगले प्रॉस्पेक्ट मिळू शकले असते, त्याच्या जाण्याने इतकेच हाती आले.

पुढच्या वर्षी २३ मेला हाच संघ १९-३१ वर होता. तेव्हा विक्रीची चर्चा जोरात होती. संघाने घाई केली नाही, आणि जुलैअखेरपर्यंत जयांची संख्या पराजयांच्या पुढे गेली. मुदतीच्या दिवशी त्यांनी मोठे नाव घेतले नाही. फक्त तीन रिलिव्हर, म्हणजे सामन्याच्या उत्तरार्धात येणारे बदली पिचर, घेतले. त्यातील डॅनियल हडसन टोरोंटोकडून एका मायनर लीग पिचरच्या बदल्यात आला, आणि ह्यूस्टनमध्ये वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यातील शेवटचा चेंडू त्याच हडसनने टाकून मायकल ब्रँटलीला बाद केले. हे उदाहरण खरेदीच्या बाजूने नेहमी दिले जाते, आणि द्यायलाही हवे; मात्र खरेदी किती लहान होती आणि भविष्यातील किती थोडे त्यासाठी दिले गेले, हे सांगायचे बहुतेक वेळा राहून जाते.

२०२१ मध्ये जूनअखेर नॅशनल्सच्या जयांचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर होते. काइल श्वार्बरने त्या एका महिन्यात १६ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले होते. जुलैच्या सुरुवातीला तो जायबंदी झाला, संघ कोसळला आणि मुदतीपूर्वी आठ खेळाडू विकले गेले. त्यातील पिचर मॅक्स शर्झर आणि ट्रे टर्नर एकत्र डॉजर्सकडे गेले. शर्झरचा करार संपत होता, टर्नरचे मात्र आणखी एक पूर्ण वर्ष शिल्लक होते. बदल्यात आलेल्या चौघांपैकी कॅचर केबर्ट रुइझ आणि पिचर जोसाया ग्रे हे मुख्य होते. रुइझला संघाने पुढे आठ वर्षांचा करार दिला, ग्रे २०२३ मध्ये ऑल-स्टार झाला (वर्षातील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला) आणि नंतर त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. म्हणजे सौदा फसला असेही म्हणता येत नाही आणि संघ उभा राहिला असेही नाही. त्याच दिवशी सदतीस वर्षांच्या जॉन लेस्टरच्या बदल्यात सेंट लुइसकडून लेन थॉमस आला, ज्याने २०२३ मध्ये २८ होम रन मारले. मोठ्या सौद्याइतकाच हा लहान सौदा मला शिकण्यासारखा वाटतो, कारण काही आठवड्यांत निघून जाणाऱ्या खेळाडूच्या बदल्यात काही वर्षे खेळणारा माणूस मिळाला.

आणि मग २०२२. हुआन सोटो तेव्हा २३ वर्षांचा होता आणि त्याच्यावर संघाचा आणखी अडीच वर्षांचा हक्क होता. त्याने ४४ कोटी डॉलर्सचा प्रस्ताव नाकारल्याचे बाहेर आले होते. १ ऑगस्टच्या रात्री नॅशनल्स पार्कमध्ये तो मेट्सविरुद्ध खेळला. समोर टेकडीवर, म्हणजे माउंडवर, शर्झर होता, आता मेट्सच्या गणवेशात. ज्याला या संघाने वर्षभरापूर्वी विकले, त्याच्या चेंडूवर, ज्याला हा संघ दुसऱ्या दिवशी विकणार होता त्याने होम रन मारला. विक्रीची किंमत प्रॉस्पेक्टच्या यादीत मोजली जाते. पण जो चाहता मुलांना घेऊन त्या मैदानात जातो, त्याने मोजलेली किंमत वेगळी असते, आणि ती हिशेबात धरलीच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. २ ऑगस्टला सोटो आणि जॉश बेल सॅन डिएगोकडे गेले. बदल्यात आलेल्यांपैकी सी. जे. एब्रम्स २०२४ मध्ये, तर जेम्स वुड आणि मॅकेन्झी गोर २०२५ मध्ये ऑल-स्टार झाले. एका सौद्यातून तीन ऑल-स्टार मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही नॅशनल्सने २०२२ मध्ये १०७ सामने गमावले, त्यानंतरची दोन वर्षे ७१-९१ वर संपवली, २०२५ मध्ये ९६ सामने गमावले आणि त्या वर्षाच्या जुलैमध्ये जनरल मॅनेजर माइक रिझो व मैदानावरील व्यवस्थापक डेव्ह मार्टिनेझ या दोघांनाही काढले. उत्तम विक्री करूनही संघ आपोआप घडत नाही. विकत आणलेले बी रुजवणारी जमीन, म्हणजे स्वतःची मायनर लीगची यंत्रणा, मजबूत असावी लागते.

२०२३ : एंजल्स आणि मेट्स

विक्री आणि खरेदी यांची खरी शेजारी-शेजारी तुलना २०२३ मध्ये करता येते. लॉस एंजेलिस एंजल्सपुढे, पिचर आणि फलंदाज अशा दोन्ही भूमिका करणाऱ्या शोहेई ओहतानीच्या संपणाऱ्या कराराचा प्रश्न होता. त्यांनी त्याला राखले आणि शिकागो व्हाइट सॉक्सकडून लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ यांना घेण्यासाठी कॅचर एडगर क्वेरो आणि पिचर काय बुश हे आपले प्रॉस्पेक्ट दिले. दुसऱ्याच दिवशी डेट्रॉइटमध्ये ओहतानीने पहिल्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकच हिट (यशस्वी फटका) देत पूर्ण सामनाभर चेंडू टाकले आणि लगेच झालेल्या दुसऱ्या सामन्यात दोन होम रन मारले. इतका दैवी दिवस पाहिल्यावर त्याला विका असे म्हणण्याचे धैर्य माझ्यातही उरले नसते. मुदतीच्या वेळी संघ ५६-५१ वर होता. ऑगस्टमध्ये त्यांनी ८ सामने जिंकले आणि १९ गमावले, ओहतानीच्या कोपराचा लिगामेंट फाटला, आणि महिना संपण्यापूर्वी नुकतेच विकत घेतलेले खेळाडू वेव्हर्सवर ठेवावे लागले. जिओलिटो आणि लोपेझ दोघांनाही क्लीव्हलँडने काहीही न देता उचलले. हंगाम ७३-८९ वर संपला आणि ओहतानी ७० कोटी डॉलर्सच्या करारावर डॉजर्सकडे गेला. तेलही गेले, तूपही गेले.

त्याच आठवड्यात मेट्सने, विक्रमी पगारपत्रक असूनही, उलट वाट धरली. शर्झरला टेक्सासकडे आणि जस्टिन व्हर्लँडरला ह्यूस्टनकडे पाठवले, त्यांच्या उरलेल्या पगाराचा मोठा भाग स्वतः भरला आणि त्या पैशाच्या बळावर लुइसांगेल अकुन्या, ड्र्यू गिल्बर्ट आणि रायन क्लिफर्ड असे चांगले प्रॉस्पेक्ट मिळवले. त्या वर्षी ते ७५-८७ वर राहिले. पुढच्या वर्षी ८९ सामने जिंकून नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले. हे यश त्या प्रॉस्पेक्टमुळे आले असे मी म्हणणार नाही, ते मुख्यतः फ्रान्सिस्को लिंडोरसारख्या राखलेल्या खेळाडूंमुळे आले. परंतु विक्रीमुळे पुढचे वर्ष वाया जाते ही भीती किती अनाठायी आहे, ते त्यातून दिसते. मेट्सइतका पैसा नसलेल्या संघाने मात्र पगार भरून प्रॉस्पेक्ट मिळवण्याचा हा मार्ग आपल्यालाही उपलब्ध आहे असे समजू नये.

विक्री म्हणजे चालू हंगामावर पाणी सोडणे, हेही नेहमी खरे नसते. डेट्रॉइट टायगर्सने ३० जुलै २०२४ ला जॅक फ्लॅहर्टीला डॉजर्सकडे दिले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ते ५५-६३ वर होते. तिथून ३१-१३ अशी मजल मारत ते प्लेऑफमध्ये गेले आणि ह्यूस्टनला हरवून पुढच्या फेरीत पोहोचले. फ्लॅहर्टीच्या बदल्यात आलेला ट्रे स्वीनी त्या घोडदौडीत शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षणाच्या जागी उभा होता. आणि पुढच्या फेब्रुवारीत फ्लॅहर्टी स्वतःच पुन्हा डेट्रॉइटशी करारबद्ध झाला.

मग निर्णय कशावर घ्यावा

माझ्या मते गुणतक्त्यापेक्षा कराराचा कागद आधी उघडावा. ज्याचा करार याच वर्षी संपतो आणि जो हिवाळ्यात आपल्या संघाला परवडणार नाही, त्याला संघ चार सामन्यांनी मागे असला तरी विकावे. हार्पर आणि ओहतानी या दोन्ही प्रकरणांत राखण्याचा मोबदला अगदीच तुटपुंजा निघाला. रिलिव्हर विकताना तर विशेष संकोच करू नये. २०१६ मध्ये यँकीजने अरोल्डिस चॅपमन शिकागो कब्सला देऊन ग्लेबर टोरेस मिळवला, कब्सने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि त्याच डिसेंबरमध्ये चॅपमन करार करून यँकीजकडे परत आला. दोन्ही संघांचे भले झालेला असा सौदा विरळा असतो, पण जुलैमध्ये क्लोजरला (सामना संपवणाऱ्या रिलिव्हरला) जो भाव मिळतो तो वर्षात पुन्हा मिळत नाही.

खरेदी करायचीच असेल, तर २०१९ च्या हडसनच्या मापाची करावी; पहिल्या फळीतील प्रॉस्पेक्ट दोन महिन्यांच्या पाहुण्यासाठी देऊ नये. जाणूनबुजून तळाला जाऊन ड्राफ्टची पहिली निवड मिळवण्याचा विचारही सोडून द्यावा, कारण आता तिथे सोडत असते आणि तिला स्वतःचे निर्बंध असतात: २०२४ मध्ये १२१ सामने गमावूनही व्हाइट सॉक्सला २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावरूनच निवड करावी लागली.

खरी अवघड बाब आहे ती सोटोसारख्या, करारात अजून वर्षे शिल्लक असलेल्या खेळाडूची. इथे मी थांबण्याच्या बाजूने आहे, कारण त्याच्यासाठी जुलै हा शेवटचा दरवाजा नसतो. सॅन डिएगोचेच पाहा: २०२३ मध्ये तेही अडखळत होते, त्यांनी मुदतीला सोटोला राखले, ८२-८० वर संपवून प्लेऑफ गमावले, आणि डिसेंबरमध्ये त्याला यँकीजकडे दिले. करारात फक्त एकच वर्ष उरलेले असूनही त्या सौद्यातून पिचर मायकल किंग आला, २०२४ मध्ये त्याची ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी; कमी तितकी चांगली) २.९५ होती आणि सॅन डिएगो ९३ सामने जिंकून प्लेऑफमध्ये गेले.